मुठीचा डबा

सतरा तारखेला सकाळी सव्वासातला सुलेखाच्या हातातलं मापटं तूरडाळीच्या डब्याच्या बुडाला लागलं आणि खण्ण असा आवाज झाला. आवाज काही मोठा नव्हता. बाहेरच्या खोलीत राजेंद्र कंपनीच्या बसची वेळ होते म्हणून बुटाची लेस बांधत होता, त्याला तो ऐकूही गेला नाही. प्रणय अजून पालथा झोपलेला होता, संस्कृती आरशापुढं वेणीशी भांडत होती, आणि खिडकीजवळच्या खाटेवर सासूबाई, सारजाबाई, गुडघ्याला तेल चोळत होत्या. घरात सगळं रोजच्यासारखं होतं. फक्त सुलेखाचा हात डब्यात तसाच राहिला. हा आवाज यायचा दिवस ठरलेला होता. एकोणतीस तारखेच्या आत तो या स्वयंपाकघरात कधी आलाच नव्हता, एकोणीस वर्षांत एकदासुद्धा. तिनं डबा तिरका करून आत पाहिलं. कोपऱ्यात दोन-चार पसे डाळ होती आणि बाकीचं चकचकीत बूड होतं, आणि त्या बुडात तिला तिचंच तोंड दिसलं, जरा रुंद आणि बरंचसं मूर्ख.

सुलेखा मूर्ख नव्हती, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. ज्या शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतं, तिथल्या बाईला मोजून वापरायला कुणी शिकवावं लागत नाही. पाणी असो, गॅस असो, तेल असो, कशाचं किती राहिलं ते तिला डबा उचलला की कळायचं. महिन्याचा किराणा साडेसहा हजारांत बसवायचा, हे तिनं लग्नानंतर नव्हे, प्रणय आणि संस्कृती दोघं शाळेत जायला लागल्यावर ठरवलेलं होतं, त्याआधी तीन हजार होते आणि त्याआधी अठराशे, पण जो आकडा ठरेल तो ठरला. फ्रिजवर एक कागद चिकटवलेला होता. वर तिच्या टपोऱ्या अक्षरात 'माणसं : ४', खाली डाळ, तांदूळ, तेल, साखर, चहापत्ती, प्रत्येकापुढं किलो. भाव वाढले की ती साबण बदलायची, तेल हलक्या हातानं सोडायची, छावणीच्या गुरुवारच्या बाजारात उन्हं उतरल्यावर जायची, पण कागद बदलायची नाही. आणि या सगळ्याच्या तळाशी होता तिच्या आईचा, आवडाबाईचा, मुठीचा डबा. पंधरा किलो तेलाचा जुना पत्र्याचा डबा, झाकणाला मूठ रिकामी करता येईल एवढं भोक पाडलेलं. आवडाबाई भावसिंगपुऱ्यात दोन खोल्यांत राहायची आणि पोरांच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायची. घरी रांधायला मापटंभर डाळ काढली की त्यातली एक मूठ त्या भोकातून डब्यात. तांदूळ काढले की त्यातलीही एक मूठ. महिनाअखेरीस डबा उघडायचा, सगळं एकत्र असायचं, मग तीन दिवस खिचडी. आणि मधेच गावाकडचा एखादा विद्यार्थी दारात आला तर त्याचीही त्यातच सोय. एक नियम मात्र कडक होता. डबा महिनाअखेरीआधी उघडायचा नाही, आत वाकून बघायचं नाही. "मोजलं की ते आपलं वाटाया लागतं, बाई," आवडाबाई म्हणायची. लहानपणी सुलेखानं एकदा भोकाला डोळा लावला होता, तेव्हा पाठीत धपाटा बसलेला. आई जाऊन सहा वर्षं झाली, डबा पडेगावच्या या घरात ओट्याखालच्या कोपऱ्यात आला, सुलेखाही त्यात रोज सकाळी मूठ टाकू लागली, आणि तिनं तो कधी वेळेआधी उघडला नाही.

आता आली का पंचाईत. एरवी डाळ बारा दिवस आधी संपली असती तर तिनं मनातल्या मनात स्वतःला दोन शिव्या हासडल्या असत्या आणि विषय संपवला असता. पण येत्या रविवारी विहारात बचत गटाच्या बैठकीत ती बोलणार होती. गटाच्या अध्यक्ष मोनिकाताईंनी विषयच तिच्यासाठी काढलेला: महिन्याचा किराणा ठरल्या पैशात कसा बसवावा. एक तारखेला मोनिकाताईंचा फोन आला तेव्हा सुलेखा ओट्याशी उभी राहून अशी काही खुलली होती! "ताई, दिवाळीपासून सासूबाई आल्यात पिशोरहून. माणूस वाढलं, पण साडेसहाच्या वर एक रुपया जाऊ दिला नाही मी." मोनिकाताई पलीकडून "बाई, तुझी कमालच," म्हणाल्या होत्या आणि सुलेखाला स्वतःचा आवाज फार आवडला होता. आणि ते खरंच होतं. सारजाबाई आल्यापासून तीन महिने कागद जसाच्या तसा पुरला होता. उलट या महिन्यात तर रोज वाटीभर वरण उरत होतं, ते ती दुसऱ्या दिवशी पिठात मळून धपाटी करत होती आणि आपला हात किती बसलाय म्हणून स्वतःवर खूश होत होती. मग डाळ गेली कुठं?

औरंगपुऱ्यातल्या एका दंतवैद्याच्या दवाखान्यात ती दहा ते चार बसायची, पेशंटांची नावं घ्यायची, नंबर पुकारायची. त्या दिवशी तिनं एका म्हाताऱ्या गृहस्थांना दोनदा एकाच नंबरानं पुकारलं. डोक्यात डाळच शिजत होती. प्रणय जिमला जातो, पण जिमवाली पोरं कच्ची डाळ खात नाहीत. संस्कृतीला तूर आणि मसूर यातला फरक सांगता आला तरी नवस फेडावा लागेल. राजेंद्र स्वयंपाकघरात येतो तो पाण्याची बाटली भरायला. तीन माणसांची झडती मनातल्या मनात दहा मिनिटांत झाली, आणि मग सुलेखाचं मन, जिथं जायचं नाही असं ती बजावत होती, तिथंच हळूच जाऊन बसलं. सोनिया. राजेंद्रची धाकटी बहीण, फुलंब्रीला दिलेली, गुलमंडीतल्या कापडाच्या दुकानात कामाला रोज येऊन-जाऊन. बुधवारी तिला अर्धी सुटी, तेव्हा ती आईला भेटायला पडेगावला यायची, खांद्याला ती भलीमोठी निळी पिशवी. येताना पिशवीत काय असायचं आणि जाताना काय, हे सुलेखाला माहीत नव्हतं, कारण बुधवारी दुपारी ती दवाखान्यात नंबर पुकारत असायची. आई लेकीला देते. सगळ्या आया देतात. तिचीही आई तिला द्यायची, पदराआडून, वहिनीची नजर चुकवून, कधी गूळ, कधी शेंगदाणे, आणि ते घेताना आपल्याला काही वाटलं होतं का, असा एक प्रश्न मधेच डोकं वर काढू लागला. तो तिनं खाली दाबला. आपण घेतलं ते प्रेम आणि सोनियानं घेतलं ती चोरी, हे तिला नीटसं पटत नव्हतं, पण राग आला की पटवून घेता येतं.

चार वाजता घरी जाताना ती गल्लीच्या तोंडाशी काकासाहेबांच्या दुकानापाशी थांबली. या दुकानातून तिनं आजवर काडेपेटी आणि मीठ याशिवाय काही घेतलं नव्हतं. "एक किलो तूरडाळ द्या," ती म्हणाली तर काकासाहेबांनी तराजू हातात धरूनच विचारलं, "वैनी, तुम्ही? अन् सतरा तारखेला? पाव्हणे आले का काय?" गल्लीतल्या माणसालाही तिची तारीख माहीत होती. एरवी तिला यात अभिमान वाटला असता. "व्हय, पाव्हणे," असं काहीतरी पुटपुटत तिनं पैसे दिले. घरी येऊन तिनं डाळ पसरट डब्यात ओतली, हातानं सपाट केली, आणि मग आजूबाजूला पाहून त्या सपाट डाळीवर आपला उजवा पंजा दाबला. पाच बोटं स्वच्छ उमटली. लहानपणी आई भिंतीला गेरू लावायची तेव्हा ती असाच हात उमटवायची, तेव्हा तो खेळ होता. आता ती एकेचाळीस वर्षांची होती आणि आपल्याच घरात सापळा लावत होती. तिला जरा हसू आलं, जरा ओशाळल्यासारखंही झालं, पण झाकण तिनं घट्ट बसवलं. तिची कामं अशीच असायची, एकदा ठरलं की ठरलं.

सहा वाजता ती पाण्याच्या मोटारीसाठी गच्चीवर गेली, अर्ध्या तासानं उतरली आणि झाकण उघडलं. पंजा होता. आहे की, असं म्हणून ती झाकण लावणार, इतक्यात तिची नजर करंगळीवर गेली. करंगळी अर्धीच होती. तिनं आपला हात शेजारी धरून पाहिला. तिचा पंजा रुंद, हा अरुंद, बोटं सांध्यांत फुगीर, आणि करंगळी मधल्या पेरापाशी संपलेली. पिशोरला कडबा कापायच्या यंत्रात गेलेलं ते पेर या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, सारजाबाई ते नातवंडांना गमतीनं दाखवायच्या. सुलेखा डब्यापुढं उभी राहिली. चोर सापडला, याचा जो आनंद व्हायला हवा तो अर्धाच झाला, कारण चोरानं डाळ नेली आणि वर सही करून ठेवली, ही काय तऱ्हा? आपली थट्टा चाललीय का? तीन महिने खाटेवर गुपचूप बसणारी बाई, ताटात दुसरी भाकरी वाढायला गेलं की ताटावर आडवा हात धरून "बास बास, पोट फुटंल" म्हणणारी, ती आपल्याला वेडावते आहे? रात्री सगळे जेवायला बसले. सारजाबाईंनी अर्धी भाकरी खाल्ली, वरणात दोन बोटं बुडवली, आणि तो आडवा हात, साडेचार बोटांचा, ताटावर आला. सुलेखानं त्या हाताकडं पाहिलं आणि भाकरी परत टोपल्यात टाकली. उद्या बुधवार होता.

बुधवारी तिनं डॉक्टरांना बारालाच सांगितलं की घरी काम आहे. रिक्षात छावणीपासून पुढं तिनं वाक्य तयार केलं. ती वाक्यं आधी तयार करणारी बाई होती, रविवारच्या भाषणाचीही तिनं तशीच तयारी केलेली. वाक्य असं होतं: "सोनियाताई, पिशवी जड झाली असेल, नाही? द्या, मी धरते." फार सभ्य. त्यात कुणाला काही बोट ठेवता आलं नसतं, आणि आयुष्यभर विसरताही आलं नसतं. पडेगावच्या वळणावर तिनं ते एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं, 'नाही'वर जरा थांबायचं असं ठरवलं. जाळीचं दार नुसतं ओढलेलं होतं. सोनिया अजून आलेली नव्हती. चप्पल बाहेरच काढून ती आत आली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली.

सारजाबाई डाळीचा डबा उघडून उभ्या होत्या. त्यांनी मूठ भरली, नीट, वर आलेली डाळ दुसऱ्या हातानं डब्यात निपटून. मग तीच मूठ वर धरून त्या ओट्याला टेकत टेकत कोपऱ्यापर्यंत गेल्या. दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या, आणि मुठीच्या डब्याच्या भोकावर हात रिकामा केला. "ही माझी," असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. डाळ पडल्याचा आवाज आला. पत्र्यावर पडल्याचा टणटणीत नव्हे, धान्यावर धान्य पडतं तसा, भरलेला, मऊ. अठरा तारखेला त्या डब्यातून असा आवाज यायला नको होता. आणि सुलेखाच्या लक्षात आलं की रोज सकाळी तिच्या स्वतःच्या मुठीचाही आवाज गेले कित्येक दिवस असाच येत होता. कुकरच्या शिट्टीत, घाईत, तिनं तो ऐकलाच नव्हता. कमी पडल्याचा आवाज मात्र तिला लगेच ऐकू आला होता. सारजाबाई परत डाळीच्या डब्याकडं आल्या, वरची डाळ सारखी केली आणि बोटं पसरून हात दाबला.

"आत्याबाई," सुलेखा म्हणाली.

सारजाबाई दचकल्या नाहीत. "आलीस का गं? आज लवकर? बरं न्हाय का?"

"काय टाकलं त्या डब्यात?"

"मूठ." त्यांना प्रश्नच समजला नाही. "तू टाकती की रोज. मंग म्या बी टाकती, येक दुपारची, येक सांजची. कवा डाळीची, कवा तांदळाची. माझ्या वाटची."

"तुमच्या वाटची म्हणजे?"

"मी बसून ऱ्हाती दिवसभर, मला कितीक लागतंय? आर्ध्या भाकरीत भागतंय. मंग माझ्या वाटचं जे उरतंय ते डब्यात पडू दे म्हणलं." सारजाबाई ओट्याला टेकल्या. त्यांच्या तोंडावर काही लपवलेलं नव्हतं, उलट एक कौतुक होतं. "त्या दिशी तू फोनवर बोललीस न्हवं, माणूस वाढलं पर रुपाया वाढू दिला न्हाय म्हणून? मला लई झ्याक वाटलं. आमच्या राजेंद्राची बायको केवढी हुशार! म्हणलं, पोरीचा आकडा आपल्यापायी कशाला मोडावा."

सुलेखानं डाळीच्या डब्याकडं बोट केलं. "आणि हा पंजा?"

"त्यो तूच उमटवला हुता ना काल? म्या मूठ काढली तर इस्कटला. मंग परत दाबून ठिवला. म्हणलं तुमच्या शहरात नव्या डाळीला हात लावायची काय रीत आसंल."

"मला सांगायचं तरी!"

"तुला काय सांगायचं?" आता सारजाबाईंनाच नवल वाटलं. "तू समदं मोजती. तुला ठावं आसंल म्हणलं."

सुलेखाला लाज वाटली. साधी, सरळ लाज, कानाच्या पाळ्या गरम करणारी. जे वाक्य तिनं अजून उच्चारलंही नव्हतं त्याची. रोज वाटीभर उरणाऱ्या वरणाची, ज्याची तिनं धपाटी केली होती आणि स्वतःची पाठ थोपटली होती. ते वरण कुणाच्या तरी पोटात जायचं होतं. तीन महिने कागद पुरला तो तिच्या हुशारीनं पुरला नव्हता, समोरची बाई त्यात धरलेलीच नव्हती आणि ते ओळखून ती बाई अर्धपोटी उठत होती. तिनं कोपऱ्यातला डबा एका हातानं उचलून पाहिला. तो सहजी उचलला गेला नाही. मोजायची तिला इच्छाच झाली नाही. दार वाजलं, सोनिया आत आली, निळी पिशवी खांद्यावरून उतरवत. "वैनी! तुम्ही घरी? बरं झालं, हरभऱ्याचे डहाळे आणलेत शेतातले, एवढे जड, खांदा मोडला माझा." सुलेखा पुढं झाली. "द्या," ती म्हणाली, "मी धरते." वाक्याचा तेवढाच भाग कामी आला.

संध्याकाळी ती फ्रिजपुढं पेन घेऊन उभी राहिली. चूक सापडली की तिला नेहमी बरं वाटायचं, हेही तिच्या स्वभावातच होतं. न सापडलेली चूक खाते, सापडलेली दुरुस्त करता येते. चारावर काट मारून तिनं पाच केले आणि प्रत्येक ओळ पुन्हा लिहून काढली. पाचाचा आकडा जरा मोठाच झाला. राजेंद्र जेवणाचा डबा धुवायला टाकायला आला आणि वाचत उभा राहिला. "सात हजार सहाशे? अगं, तू आणि आकडा वाढवला?" "गणित चुकलं होतं," ती म्हणाली. "तूर्त माझ्या पगारातून अकराशे घालते. तुम्ही तंबाखूत बघा जमतं का काही." तो डबा ठेवून निघून गेला.

रविवारी विहारात चाळीसेक बायका होत्या. सारजाबाई पहिल्या रांगेत, गुडघा लांब करून, पांढरं लुगडं नीट करून बसल्या होत्या, सून बोलणार म्हणून आग्रहानं आलेल्या. सुलेखा छान बोलली. मुठीच्या डब्याचं सांगितलं, आईचं सांगितलं, तेलाचं, बाजाराच्या वेळेचं सांगितलं, बायका हसल्या, दोघीचौघींनी लिहून घेतलं. शेवटी मोनिकाताईंनीच विचारलं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं, "आणि सुलेखा, आता सांग बरं आकडा." त्यांना साडेसहा हजार हवे होते. ते दोन शब्द सुलेखाच्या जिभेवर इतके सवयीचे होते की आपोआप आले असते आणि टाळ्याही आल्या असत्या.

"सात हजार सहाशे," ती म्हणाली.

"अगं, मागं तर साडेसहा म्हणालीस! सासूबाई आल्या तरी रुपया वाढला नाही म्हणालीस."

"म्हणाले होते. माणसं चार धरली होती मी. चुकलंच माझं. आमच्या घरात माणसं पाच आहेत." तिचा आवाज अजिबात खाली गेला नाही. "जो आकडा घरातल्या एखाद्याला अर्धपोटी ठेवून बसतो, तो बसलेला नसतो, बायांनो. माणसं नीट मोजा आधी, मग किलो. आणि सात हजार सहाशेच्या वर एक रुपया जाऊ देणार नाही, ते मात्र लिहून घ्या." बायका हसल्या. सारजाबाईंना सगळं कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी शेजारणीला कोपरानं ढोसलं आणि "माझी सून हाय," एवढंच सांगितलं.

त्या दिवशी सांजेला पाच ताटं मांडली. सुलेखानं मापटंभर आणि वर अर्धं अशी डाळ घेतली होती, आणि एक मूठ कोपऱ्यातल्या डब्यातही टाकली होती, आपली एकटीची. तिनं सारजाबाईंना भाकरी वाढली, ती सगळी संपेपर्यंत मुलांशी काहीबाही बोलत राहिली, आणि मग टोपल्यातून दुसरी भाकरी काढून त्यांच्या ताटापाशी नेली. तिचं लक्ष त्या हाताकडं होतं. हात मांडीवर होता. तो उचलला गेला, ताटाच्या काठापर्यंत आला, तिथं जरा घुटमळला, आणि मग त्या साडेचार बोटांनी सुलेखाच्या हातातली भाकरी घेतली आणि मधून मोडली.

"वरण घाल अजून," सारजाबाई म्हणाल्या. सुलेखानं वाढलं. त्यांनी एक घास खाल्ला, चावला, नातवंडांकडं पाहिलं, मग सुनेकडं.

"आन् उद्यापासून जरा घट्ट कर की गं. तीन महिनं बघती मी, लई पातळ करती तू वरण."